अर्धा कप पाणी

मी एक जुना चहाचा कप आहे. माझा कान तुटलेला आहे, काठाचा एक टवका उडालेला आहे आणि सध्या मी रागात आहे. मित्रांनो, कपाला कसला आलाय राग, असे म्हणू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर केव्हाच फुटला असता.

ज्या सकाळी आमचे नुकसान उघडकीला आले, त्या सकाळपासून सांगतो. भर उन्हाळ्याचे दिवस होते. सात वाजताच भिंती तापायला लागल्या होत्या. घरामागच्या बागेत नळवाला आला. नळवाला म्हणजे या घराचा मालक. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरांत नळ बसवले, म्हणून सगळी गल्ली त्याला नळवाले म्हणते. त्याला ‘अहो’ म्हणणारे माणूस आता घरात नाही. मी तर त्याला अरे-तुरेच करणार आहे. रागात मान देणे मला जमत नाही.

त्याला ‘म्हातारी’ची कुंडी फिरवायची होती. म्हातारी म्हणजे बागेतला सर्वांत जुना निवडुंग. कमरेइतका उंच आणि अंगभर पांढरे केस, म्हणून बाईने, म्हणजे नळवाल्याच्या बायकोने, त्याचे नाव म्हातारी ठेवले होते. म्हातारी थोडी कलली होती. काटे लागू नयेत म्हणून त्याने वर्तमानपत्राची घडी करून तिच्याभोवती गुंडाळली आणि तो तिला सरळ करायला गेला, तर ती अलगद हातातच आली. खाली मूळ नव्हते, बुंधा नव्हता. काळा लगदा होता आणि नासक्या बटाट्याचा वास होता. त्याने शेजारच्या कोरफडीला हात लावला. तीही आली. मग तो एकेकाला हात लावत सुटला आणि एकेक हातात येत गेले. सव्वीसपैकी एकोणीस झाडे गेली होती. त्यातले एकही सुकले नव्हते. सगळी कुजली होती.

आणि या बागेचे पाणी ज्याला थेंबापर्यंत पाठ आहे, तो मी भिंतीच्या कोपऱ्यात उपडा पडलो होतो.

आता पहिल्यापासून ऐका.

आम्ही सहा भाऊ. एका साच्यातून निघालो, एका भट्टीत भाजलो आणि एकाच खोक्यातून या घरात आलो. नळवाल्याचा संसार तेव्हा नवा होता. आम्ही पाहुण्यांसाठी होतो. पण पाहुणे येत राहिले आणि आम्ही कमी होत राहिलो. दोघे धुताना गेले, एक लेकीने रांगताना ओढून पाडला, दोघांचे काय झाले ते कुणालाच आठवत नाही. मी तेवढा धडधाकट राहिलो. मग एके दिवशी नळवाल्याने स्वयंपाकघरातला नळ खोलताना हातातला पाना ओट्यावर सोडला, तो नेमका माझ्यावर. माझा कान गेला.

“टाकून दे तो,” नळवाला म्हणाला. “फुटकं भांडं कशाला ठेवायचं?”

“पाडायचं तुम्ही आणि टाकायचं मी?” बाई म्हणाली. “फुटका कुठाय? कान गेलाय नुसता. तुमचे दोन्ही शाबूत आहेत, तरी ऐकता कुठे?”

आणि ती मला घेऊन मागच्या दाराने बाहेर आली. तिथून माझी खरी नोकरी सुरू झाली.

घरामागे दहा पावले लांब आणि चार पावले रुंद जागा होती. तिथे नळवाल्याचे भंगार पडलेले असे. गंजलेल्या नळ्या, मोडके नळ, लोकांच्या घरांतून काढून आणलेली तडकलेली बेसिने. बाईने नळ्या एका बाजूला लावल्या आणि बेसिने ओळीने विटांवर मांडली. बेसिनला तळाशी भोक असतेच. झाडाला त्याहून चांगली कुंडी कुठली? एक वाटा माती, एक वाटा जाड वाळू, एक वाटा विटांचा चुरा, असे ती घमेल्यात कालवायची आणि वरून बारीक खडी पसरायची. मातीवर खडी हवी, म्हणजे झाडाच्या गळ्याशी ओल राहत नाही, असे ती म्हणे.

झाडे तिने विकत आणली नाहीत. रस्ता रुंद करण्यासाठी गावाबाहेरची टेकडी फोडत होते, तेव्हा तिथली झुडपे ढिगाऱ्याखाली जायच्या आत ती पिशव्या घेऊन गेली. पिवळ्या फुलांचे एक झुडूप, राखाडी पानांची आणखी सहा, दगडाच्या फटीत उगवणारी जाड पानांची लहान लहान रोपे, कोरफडी, पानफुटी. या भागात पिढ्यान्‌पिढ्या आपली आपण वाढलेली झाडे ती. म्हातारी तेवढी एका घरी नळवाल्याला कुंडीसकट मिळाली होती. त्या घरातल्यांना काटे नको होते.

शेजारी कपडे शिवणाऱ्या ताई राहतात. त्यांनी भिंतीवरून डोकावून बघितले.

“अहो वहिनी, गुलाब लावा की एखादा! हे काय काटे आणि कुसळं गोळा केलीत?”

“गुलाबाला रोज विचारावं लागतं, बाई गं, कशी आहेस?” बाई म्हणाली. “यांना नाही विचारलं तरी रुसत नाहीत. इथलीच आहेत. इथलं ऊन यांना काय नवीन?”

माझ्या आत चहाच्या डागाची एक रेघ होती, बरोबर मध्यावर. बाईने तीच माझी खूण केली. टेकडीवरच्या झुडपांना पहिल्या उन्हाळ्यात चार दिवसांनी दोन कप, रेघ न बघता, काठोकाठ. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यापासून त्यांची ती. जाड पानांच्या झाडांना मात्र रेघेपर्यंतच, म्हणजे अर्धा कप, आणि तेही खडी बाजूला सारून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घातल्यावर आणि बोट कोरडे बाहेर आल्यावर. कडक उन्हाळ्यात काहींना महिना महिना काहीच नाही. पाने सुरकुतली की मग.

पाणी भरायचे काम लेकीचे होते. तेव्हा ती आठ वर्षांची होती. बादलीत मला बुडवायची, डोळ्यांसमोर धरायची, जास्त झालेले परत ओतायची. पाच उन्हाळे तिने हे काम केले. नळवाला सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन जायचा तो दिवेलागणीला यायचा. त्याने हे कधी बघितलेच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या रागाचे मूळ इथे आहे.

“आई, यांना तहान लागली असेल ना गं? किती ऊन आहे!” लेक म्हणायची.

“झोपलीत ती. जाड पानांची झाडं उन्हाळ्यात झोपतात. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर काय होईल?”

“ठसका लागेल.”

“मग? रेघेच्या वर जाऊ नकोस.”

एका वर्षी पाण्याची फार टंचाई झाली. नळाला एक दिवसाआड अर्धा तास पाणी. गल्लीतली हिरवळ वाळून कागदासारखी झाली, गुलाबांच्या काड्या झाल्या. आमच्या बागेत मात्र पिवळे झुडूप फुलले होते. लोक बघायला येऊ लागले. शाळेच्या बाई एकदा अख्खा वर्ग घेऊन आल्या. मुलांनी विचारले, काकू, तुम्ही कसलं खत घालता? आमच्या बाईने मला वर उचलून दाखवले. “हा माझा माळी. पगार नाही, सुट्टी नाही आणि जास्तीचं पाणी घालत नाही.” मुले हसली. एका मुलीने माझ्यावर हात फिरवला. कानासाठी मी आयुष्यात फक्त त्या दिवशी झुरलो नाही.

नळवाल्याला मात्र ही बाग कधी कळली नाही. तो वाईट माणूस नव्हता, हे रागातही सांगितले पाहिजे. पण त्याचा सगळा जन्म पाणी आणून देण्यात गेला. जिथे पाणी नाही तिथे पाणी पोचवणे हेच त्याचे पुण्य. कोरडी माती दिसली की त्याचे हात शिवशिवायचे.

“माझ्या घरात आठ नळ, आणि बायको कपाने पाणी घालते,” तो जेवताना म्हणायचा. “लोक काय म्हणतील? मला एक सुट्टी दे, सगळीकडे नळी फिरवतो.”

“तुमची नळी तुमच्या गिऱ्हाइकांकडे फिरवा. मागच्या दाराच्या पुढे यायचं नाही.”

तो हसायचा आणि खरेच यायचा नाही. पण का यायचे नाही, हे त्याने तिला कधी विचारले नाही. एकदाही नाही.

लेक मोठी झाली, औषधाच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न करून चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली. बाईचे केस पिकले. मला भरताना तिचा हात थोडा कापू लागला, पण रेघ चुकली नाही.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी बाई दवाखान्यात गेली. एकोणीस दिवसांनी नळवाला एकटा परत आला.

दवाखान्यात काय झाले ते मला कळायचे कारण नव्हते. पण काही दिवसांनी तो भिंतीपाशी उभा राहून शिवणाऱ्या ताईंना सांगत होता, आणि मी तिथेच होतो.

“शेवटी शेवटी ती काहीतरी सांगायला बघत होती, ताई. झाडं म्हणाली, पाणी म्हणाली. आवाज येईना. मी म्हटलं, बोलू नकोस, दमशील. तुझं एक झाड सुकू देणार नाही, वचन देतो. मग गप्प झाली बिचारी.”

ताईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि मित्रांनो, माझ्या अंगाला तेव्हाच तडा जायचा राहिला. गप्प झाली? तू केलीस! सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा ती तुला तिच्या बागेतले काही सांगत होती आणि तू तिला म्हणालास, बोलू नकोस. दोन वाक्ये होती रे. खडी सारून बोट घालून बघा. रेघेपर्यंतच घाला. दोन वाक्यांनी माणूस किती दमतो?

बाईवरही माझा राग आहे. तोही सांगून टाकतो. इतकी वर्षे तिने सगळे मनात आणि माझ्यात ठेवले. मला तोंड आहे, पण जीभ नाही, हे तिला माहीत होते. एका कागदावर चार ओळी लिहून कपाटाला चिकटवायला काय झाले होते? पण आपण जाणार आहोत, हे कुणाला खरे वाटते? तिला वाटले नाही. कुणालाच वाटले नाही.

पुढच्याच आठवड्यात नळवाल्याने काम काढले. दोन दिवस तो बागेत गुडघ्यांवर होता. आधी बाईच्या खडीखालून बारीक नळ्या फिरवल्या, प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक ठिबक बसवली, कोपऱ्यात टायमर लावला. सकाळी पाच वाजता दहा मिनिटे, संध्याकाळी सहा वाजता दहा मिनिटे. सगळ्यांना सारखे. झुडपांना, कोरफडीला, पानफुटीला आणि म्हातारीलाही. काम इतके सफाईचे होते की वरून नळीचा एक इंच दिसत नव्हता. खडी वर कोरडी आणि खाली चिखल. आतापर्यंत त्याने केलेले ते सर्वांत सुबक काम असेल. काम करताना तो कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता. त्याचा मला जास्त राग येतो, कारण तो आनंदात होता.

एक नळी जास्तीची उरली होती. तिचे तोंड उघडे राहू नये म्हणून त्याने इकडेतिकडे बघितले, मला उचलले आणि त्या तोंडावर उपडा ठेवला. झाली माझी निवृत्ती.

आता लेकीचे ऐका. ती रोज सकाळी कामावर जाताना साडेसातला मागच्या फाटकाने यायची. तिच्याकडे किल्ली होती. त्या वेळी नळवाला कामावर गेलेला असे. घरात जाण्याचे तिला धाडस होत नव्हते, कारण तिथे आईची चप्पल अजून होती. ती बागेतच उभी राहायची. झाडांची पाने मलूल दिसायची. मुळे चिखलात गुदमरली की झाड तहानेने सुकल्यासारखेच मान टाकते, हे तिला माहीत नव्हते. तिला दिसायची कोरडी खडी आणि पडलेल्या माना. मग ती बाहेरच्या नळावर पाण्याचा जग भरायची, रडत रडत सगळ्यांना ओतायची आणि घाईने निघून जायची. दिवसभर ती लोकांना सांगते, गोळी अर्धीच घ्या, जास्त घेऊ नका. इथे मात्र अख्खा जग. अगं पोरी, पाच उन्हाळे तू मला डोळ्यांसमोर धरून रेघ बघितलीस! मी चार हातांवर होतो. मला सरळ तरी करायचे होते.

आणि ताई! तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चांगले असते असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. वहिनींची आठवण म्हणून रोज दुपारी भिंतीवरून एक पातेले म्हातारीच्या बुडाशी.

तिघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारले नाही. बापलेक फोनवर बोलायचे, ते एवढेच. “जेवलात का?” “जेवलो. तू?” “हो.” झाले. झाडांचे नाव काढले तर आईचे नाव निघेल, म्हणून दोघे जपत होते. एकमेकांना जपता जपता त्यांनी बाग बुडवली.

सहा आठवडे हे चालले. मग ती सकाळ आली. त्या दिवशी गिऱ्हाइकाने काम पुढे ढकलले होते, म्हणून नळवाला घरीच होता. एकोणीस झाडे त्याच्यासमोर खडीवर आडवी पडली होती, आणि साडेसातला फाटक उघडून लेक आत आली. तिने झाडे अजून बघितलीच नव्हती. तिने सवयीने जग उचलला.

नळवाल्याने जगाकडे बघितले, मग लेकीकडे.

“तू पाणी घालतेस यांना?”

“हो बाबा. रोज घालते. अहो, हे काय झालं? ही अशी कशी…”

“रोज?”

“सुकत होती, बाबा! पानं पिवळी पडत होती. मला वाटलं, तुमच्याकडून होत नसेल.”

“माझ्याकडून होत नसेल? अगं, खाली नळ्या टाकल्यात मी! मोजून पाणी देतोय, टायमर लावून. आणि तू वरून घागरी ओततेस?”

“घागरी? हा एवढा जग आहे. आणि नळ्या टाकल्या ते मला सांगितलंत कधी?”

“तू विचारलंस कधी?”

“मी कशी विचारणार? तुम्ही दोन शब्दांच्या वर बोलता तरी का?”

भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालू होते, ते थांबले. ताईंचे डोके भिंतीवर आले आणि तसेच खाली गेले. त्या दिवशी तांदळाच्या पाण्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग तेवढ्यासाठी आहे. पातेल्याचे मी एक वेळ माफ करीन.

नळवाल्याचा आवाज चढला. म्हातारी त्याने पुन्हा कागदात धरून उचलली.

“तुझी आई होती तोवर कधी हात लावलास का या झाडांना? एकदा तरी? आता ती गेल्यावर कळवळा आला? बुडवून मारलीस तू तिची झाडं. तू मारलीस.”

मित्रांनो, मी उपडा होतो, पण मला स्वच्छ ऐकू आले. कधी हात लावलास का? पाच उन्हाळे! सकाळच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, एक डोळा मिटून रेघ बघणारी ती पोर माझ्यासमोर उभी राहिली. तिने तसे सांगायचे होते. एका वाक्यात त्याचे तोंड बंद झाले असते. पण तिने सांगितले नाही. तिने जग खाली ठेवला, पर्समधून मागच्या फाटकाची किल्ली काढली आणि भिंतीवर ठेवली.

“बरं,” ती म्हणाली. “नाही येणार.”

फाटक लागले. ती गेली.

संध्याकाळी नळवाला गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेला आणि तिथल्या मालकिणीला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. साठीची, काटक, फटकळ बाई. तिने चष्मा कपाळावर सरकवला, खडी बाजूला केली आणि बोट मातीत घातले. बोट चिखलाने भरून बाहेर आले.

“किती पाणी देता, दादा?”

“दिवसातून दोनदा. दहा दहा मिनिटं. पण ते मोजून आहे. खरं म्हणजे माझ्या मुलीने वरून रोज एक जग…”

“जग राहू द्या बाजूला.” तिने नळी चिमटीत धरून वर ओढली. “एक जग सव्वीस झाडांत वाटला तर त्याने ओठ ओले होतात. आणि वरचं पाणी या उन्हात उडून जातं. हे बघा, चिखल खालून आहे. मुळाशी. जग नसता घातला तरी हेच झालं असतं, आठ दिवस इकडे नाहीतर तिकडे. झाडं या नळीने मारलीत.”

“पण मी एकही सुकू दिलं नाही हो,” नळवाला म्हणाला.

“सुकू द्यायला हवी होती की! सुकलेलं परत उठतं. कुजलेलं नाही उठत.”

नळवाला मागच्या दाराच्या पायरीवर खाली बसला. मला वाटले, मला बरे वाटेल. तसे नाही वाटले. राग तसाच राहिला, फक्त तो आता कुणावर काढावा ते कळेना.

मालकीणबाईंनी सुरी मागितली. त्या मेलेल्या झाडांतून जिवंत तुकडे शोधू लागल्या. म्हातारीचा शेंडा वीतभर हिरवा होता, तो कापून घेतला. पानफुटीची सहा पाने, कोरफडीची दोन पिल्ले, फटीतल्या रोपांची मूठभर पाने. काळा भाग जराही राहिला तर त्या पुन्हा कापायच्या.

“आठ दिवस सावलीत पडू द्या. काप सुकला पाहिजे. मग नुसत्या वाळूवर ठेवा.”

“पाणी?”

“नाही.”

“थोडं शिंपडून?”

“नाही म्हटलं ना!”

“पण मुळं फुटल्यावर तरी…”

“मुळं फुटली की अगदी थोडं. किती, ते तुमच्या मातीवर आहे. वहिनी पाणी कसं घालायच्या? काही माप होतं का त्यांचं?”

नळवाला उठला आणि त्याने मला त्या नळीच्या तोंडावरून उचलले. “हा. या कपाने घालायची.”

“कपभर की अर्धा?”

त्याला सांगता येईना.

“मग घरात कुणी बघितलं असेल,” मालकीणबाई म्हणाल्या. “लहानपणी मुलं आईच्या मागे मागे असतात. लेकीला विचारा. तिनेच भरलं असेल पाणी, पैज लावते. माझ्याकडे तरी माझीच मुलगी भरायची.”

त्या गेल्यावरही तो मला हातात धरून बराच वेळ उभा होता. आता तरी हा माझ्या आत वाकून बघेल, असे मला वाटले. त्याने बघितलेही. आणि मग त्याने काय केले सांगू? तो मला आत घेऊन गेला आणि घासायला बसला. साबण, मग राख, मग काथ्या. इतक्या वर्षांची माती गेली, तळाचा चुना गेला, आणि चहाच्या डागाची ती रेघ गेली. मी आतून पांढराशुभ्र झालो. त्याने मला पुसले, उजेडात धरले आणि तो तिच्या आठवणीत रडला.

या माणसाने काय करावे तरी काय? बोलू नकोस म्हटले, तेही मायेने. नळ्या टाकल्या त्याही मायेने. रेघ घासली तीही मायेनेच. माया करण्याआधी एकदा विचारायचे, एवढेच त्याला कधी जमले नाही.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. झाड मलूल दिसले की पाणी घेऊन धावू नका. आधी मातीत बोट घालून बघा. ज्याचे काम आहे त्याला, तू हे असे का करतोस, असे तो आहे तोवर विचारा. उद्या विचारू म्हणू नका. आजारी माणूस काही सांगत असेल तर त्याला बोलू द्या. दमला तर दमू द्या. आणि आपल्या हातून वाटोळे झाले तर जवळच्या माणसावर ढकलू नका. झाडाचा तुकडा वाळूवर ठेवला तर मूळ धरतो. तोंडातून गेलेल्या शब्दाला कुठे ठेवायचे?

आता तीन आठवडे झाले आहेत. टायमर बंद आहे. नळवाल्याने नळ्या उपटून काढल्या. टेकडीवरची सात झुडपे तगली आहेत. वाळूवरच्या पानफुटीच्या चार पानांना कडेने केसासारखी मुळे फुटली आहेत. म्हातारीच्या शेंड्याचे अजून काही सांगता येत नाही. मी स्वच्छ, कोरडा, बादलीशेजारी सरळ ठेवलेला आहे. नळवाला रोज सकाळी येतो, उकिडवा बसतो, पानांकडे बघतो आणि पाणी घालत नाही. अर्धा की पूर्ण, त्याला माहीत नाही. ज्या पोरीला माहीत आहे तिची किल्ली भिंतीवर होती, ती त्याने खिशात घातली आहे. तो खिशातून फोन काढतो, तिचे नाव येईपर्यंत बोट सरकवतो आणि फोन परत ठेवतो. कामाची पिशवी उचलतो. निघून जातो.

मुळे फुटून पाच दिवस झाले. पानांना पहिले पाणी अजून घातलेले नाही. लेकीला फोन केलेला नाही.